भाऊसाहेबांचे सोमवार

मी ताडकळसच्या ज्या शाळेत शिकवायचो, तिथल्या क्लार्कना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. त्यांच्याइतका देवावर भार टाकलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात नसेल. चाळिशी आली तरी लग्न नव्हतं, आणि ते जमवायचं काम त्यांनी महादेवाकडे सोपवलं होतं. सोळा सोमवार त्यांनी तीनदा केले. शनिवारी अनवाणी मारुतीला जात. स्थळ बघा म्हटलं की म्हणत, जोडी वर ठरलेली असते, आपण मधी लुडबुड करू नये. एकदा बहिणीनं सोनपेठचं स्थळ काढून त्यांना बळंच एसटीत बसवलं. वाटेत गाडी पंक्चर झाली. हा देवाचाच नकार, असं समजून भाऊसाहेब समोरून आलेल्या बसनं माघारी आले. तिकडं पाहुणे पोहे करून वाट बघत बसले.

उपकेंद्रातल्या सिस्टर मुलांना गोळ्या द्यायला शाळेत येत. एका सोमवारी उपासानं भाऊसाहेबांना ऑफिसात चक्कर आली. सिस्टरनी बीपी बघितलं, लिंबूपाणी पाजलं, आणि पुढच्या सोमवारपासून शाबूच्या खिचडीचा डबा येऊ लागला. सिस्टर लहान वयात विधवा झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. गावात त्या एकट्याच त्यांना भाऊसाहेब म्हणत नसत, क्लार्कसाहेब म्हणत. त्यातलं काय समजायचं ते आम्हा सगळ्यांना समजलं होतं. भाऊसाहेबांनाही समजलं होतं, कारण डबा ते स्वतः घासून परत देत. मी म्हणालो, विचारून टाका. ते म्हणाले, देवाचा कौल मिळू द्या. दोन वर्षं गेली, कौल काही मिळाला नाही.

मग सिस्टरची बदली झाल्याचं कानावर आलं. त्या दिवशी मात्र भाऊसाहेब कुणालाच न विचारता उपकेंद्रात गेले आणि मनातलं बोलले. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "लय वाट बघितली मी. मागच्या महिन्यात भावानं जमवलं, मी हो म्हणलं. आता शब्द फिरवता येत न्हाई." उपास कमी करा, एवढंच त्यांनी वर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी हे मला शांतपणे सांगितलं. आम्हाला वाटलं होतं, आता हे देवावर रुसतील. पण ते म्हणाले, "देवानं धाडली होती, सर. दोन वर्सं दारात हुबी होती. मीच उठलो न्हाई."

मी निवृत्त होऊन सेलूला राहायला आलो. परवा देवगाव फाट्यावर भाऊसाहेब भेटले. केस पिकलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. जिंतूरकडच्या एका शिक्षिकेला भेटायला निघाले होते, एकटेच. पत्ता स्वतः काढला, फोनही स्वतः केला म्हणाले.

"देवाला काय मागितलं?" मी विचारलं.

"काई न्हाई. सांगून आलो, निघालोय म्हणून."

बस आली. ते चढले, खिडकीतून त्यांनी हात केला. मी काही देव मानणारा माणूस नाही, पण ती बस वळणाआड जाईपर्यंत माझे हात जोडलेलेच राहिले.