दोन हातांचा ड्रमर

आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेला मी पहिला. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. त्या पदवीवर नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात स्टोअरमधली नोकरी ठरत आली होती. दसरा झाला की हजर व्हायचं. आणि मी अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून ड्रम वाजवत होतो. वाजवत म्हणजे, माऊसनं टिंबं ठेवत होतो.

एका मित्राकडून ड्रमचं सॉफ्टवेअर आणलं होतं. पडद्यावर चौकटी असतात, स्नेअर, टॉम, झांज, ड्रमच्या एकेका भागाची एकेक ओळ. चौकटीत टिंब ठेवलं की त्या जागी ठोका वाजतो, आणि तो ठोका खऱ्या ड्रमचा असतो, कुण्या परदेशी माणसानं एकेक वाजवून भरून ठेवलेला. घरात ड्रम नाही, वाजवता येत नाही, तरी ड्रमर तयार. मला हे फार आवडलं होतं. लाइट दुपारी बारा ते चार असायची, तेवढाच आमचा रियाज.

ती कापसाची वाईट वर्षं. लग्नं थांबली नव्हती, पण आटली होती. आठ जणांचा ऑर्केस्ट्रा बोलावणारे आता चौघांवर भागवत, आणि सगळ्यात आधी ड्रमर गळायचा, कारण त्याच्या सामानाला वेगळी गाडी लागते. म्हणून अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रा मालकाला ड्रमचे तयार ट्रॅक हवे होते. मी जाऊन भेटलो.

"ट्रॅक तं लय जण आणून देतेत," मालक म्हणाले. "पण डबा वाजल्यावानी वाजतेत. लोकं नाचत नाई, नुसते पाह्यत रायतेत. आमचे चाचा हायेत, वीस वर्सं माह्याकडं वाजवलं त्याहीनं. त्याहीले ऐकव. ते हो म्हणले तं सीझनभर तू माह्यासंगं. नाई तं राम राम."

म्हणजे ज्या माणसाची जागा माझा ट्रॅक घेणार, तोच परीक्षक. मालकांसमोर याची गंमत वाटली. पुढच्या आठवड्यात ट्रॅक घेऊन पुन्हा अकोल्याच्या बसमध्ये बसलो, तेव्हा कमी वाटली.

चाचा आता कूलरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान चालवत होते. हातात तांब्याची तार, समोर उघडी मोटार. टोपीवरूनच हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि पूर्ण गाणं ऐकलं.

"बेटा, या पोराले हात किती?"

"कोणत्या पोराले, चाचा?"

"हाच, वाजवून राहिला तो. एक हात स्नेअरवर, एक झांजेवर, आन त्याच टायमाले दोन टॉम. चार झाले. असा गडी मले भेटला असता तं वीस वर्सं सामान एकट्यानं उचललं असतं का म्या?"

मी मनात टिंबं मोजली, चारच भरली.

"आन इतकं भरून काहून ठेवलं? सांस लेने की जगह नहीं."

मी खरं ते सांगितलं, की वाजवता मला येत नाही. रिकामी जागा दिसली की मला चैन पडत नव्हती. "आमच्याकडं पंगतीत पाहुण्याचं पान रिकामं दिसलं तं नाव ठेवतेत, चाचा. म्हणून भरलं."

चाचा इतके हसले की तार हातातून सुटली. "म्हणून कोंबून राहिला का त्याच्या तोंडात? चावू दे ना त्याले. नाचणाऱ्याले पाय उचलाले जागा लागते, बेटा. तू जागाच नाई ठेवली."

"म्हंजे फेल?"

"फेल. दसऱ्याच्या आंधी अजून येजो."

कॉलेजात मी एकाही विषयात राहिलो नव्हतो. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी चाचांना मनातल्या मनात उत्तरं देत होतो, आणि एकही उत्तर बरोबर नव्हतं.

सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं, दाबलं की ठोके आपोआप थोडे इकडंतिकडं होतात, माणसासारखे. मी ते शेवटपर्यंत फिरवलं. ड्रमर दारू पिऊन आल्यासारखा वाजायला लागला. माणूस असा कुठंही चुकत नाही, त्याच्या चुकायच्या जागा ठरलेल्या असतात. त्या जागा शोधायला वाजवून पाहणंच भाग होतं. मग मी गंज, म्हणजे भाताचं उभं भांडं, पालथा घातला, तो स्नेअर. परात मोठा टॉम, एक पातेलं लहान टॉम, डब्याचं झाकण झांज. दोन लाटणी घेतली. नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावाहून माय ज्वारीचं पीठ घेऊन आली, तेव्हा मी असा भांड्यांच्या मधोमध बसलेला.

"कारखान्यात हेच कराचं हाय का?" तिनं विचारलं.

"कारखाना हुकावा म्हणून करून राहिलो, माय."

"बरं. परात दे इकडं, पीठ मळाचं हाय."

परात गेली. तिच्याविना वाजवलं, तर गाणं उलट मोकळं झालं. तेव्हा कळलं की मी जिथंतिथं मोठा टॉम ठेवत होतो, तो तिथं नकोच होता. भाकरी झाल्यावर परात परत मिळाली, पण तोवर मी अर्धी टिंबं पुसली होती.

दोन हातांनी वाजवलं की बरंच समजतं. हात झाकणावर गेला की गंजावर यायला त्याला वेळ लागतो. सलग चार ठोक्यांत तिसरा हलका पडतो. मी कागदावर लिहून ठेवायचो, कुठला ठोका, कुठला हात, किती जोर. मग लाइट आली की एकेक टिंब केसभर मागं, केसभर पुढं. सारख्या जोराचे दोन ठोके शेजारी ठेवले नाहीत.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी पुन्हा चाचांकडं. या वेळी मालकही आले होते. चाचांनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मोटारीच्या लोखंडावर त्यांचं बोट चालत होतं.

"हा डावखुरा हाय," ते म्हणाले.

"कोन?" मालक.

"वाजवणारा. टॉमवरून फिरतानी उलटा जाते, मोठ्यावरून लहान्यावर. आन शेवटच्या झांजेले डरते, जरा उशीर करते."

"मीच हाव डावखुरा, चाचा," मी म्हणालो.

"तुले तं वाजवता येत नाई म्हणला होता."

"परातीवर वाजवलं."

मालकांना घाई होती. "पास का नापास, ते सांगा ना."

"मशीनची खोट असती तं सांगतली असती. मले तं पोराची खोट दिसून राहिली." चाचांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि मालकांकडं वळले. "ने याले."

मालक म्हणाले, तुळशीचं लग्न झालं की सुरू, पहिला कार्यक्रम भातकुलीला. ते गेल्यावर मी चाचांना सरळच विचारलं, मला आडून विचारता येत नाही. "तुमची जागा गेली. राग नाई येत?"

"येते ना. पहिल्या खेपेले रागानंच ऐकलं."

"आन आज?"

"आज गाणं ऐकलं." आणि त्यांनी तार उचलली.

कारखान्याला दुसऱ्या दिवशी कळवलं, येत नाही. शेवटची झांज दुरुस्त करायला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तशीच सोडली, जरा उशिराची. भातकुलीच्या मांडवात नवरदेवाचा मामा नेमका त्या झांजेची वाट पाहून पाय टाकत होता, आणि त्याच्यामागं सगळे.