आमच्या व्याह्यांचा पॅरिसचा प्रोग्रॅम

आमच्या व्याह्यांच्या हातात देवानं आभाळाचा कारभार दिला असता, तर सूर्य आधी करवीर तालुक्यात उगवला असता, मग कागलात, मग भुदरगडात. आणि ज्यांनी वेळेत नोंद केली नाही, त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत अंधारात बसावं लागलं असतं. मी चेष्टेनं सांगत नाही, माणूसच तसा आहे. तीस वर्षं ते साखर कारखान्यात चिटबॉय होते. म्हणजे कुणाचा ऊस कधी लागला आणि कुणाचा आधी तोडायचा, ह्याची नोंद ठेवणारा माणूस. पुढारी येऊ दे नाहीतर सख्खा मेव्हणा, पाळी मोडायची नाही. नोकरी सुटली, पण पाळी काही सुटली नाही. घरात आंघोळीला पाळी, टीव्हीला पाळी. आमच्या लेकीच्या लग्नात दुसऱ्या दिवशीच्या मटणाच्या जेवणाला त्यांनी पंगतीच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. माझ्या धाकट्या भावानं चिठ्ठी हरवली, तर नवरीच्या चुलत्याला मांडवाच्या दारात अडवला. "पावणं, चिठ्ठी न्हाय तर ताट न्हाय." शेवटी मी माझी चिठ्ठी त्याला दिली आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसलो. तोवर तांबडा रस्सा संपला होता. माझा भाऊ अजून त्यांना नमस्कार करतो, पण एकाच हातानं.

तर असल्या माणसानं ह्या वर्षी पॅरिसला चार दिवस जायचं काढलं. त्यांचा मुलगा आणि आमची लेक जर्मनीत असतात. इकडून आम्ही दोन जोडपी जायचं, तिकडून ते दोघं यायचे. ज्यानं त्यानं विचारलं, पोरं जर्मनीत, मग तुम्ही पॅरिसला कशाला? "टॉवर बघायचा हाय," एवढंच उत्तर. माझं नाव त्यांनी मला न विचारताच घातलं. मी म्हटलं, मी येणार नाही.

विमानाला मी भीत नाही. गोष्ट वेगळी होती. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्या घराण्यातली रीत. आज्यानं पाळली, बापानं पाळली, आणि मीही पाळणार म्हणून चारचौघांत बोलून बसलोय. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. तिला तीन वर्षांत इकडं यायला जमलं नाही आणि मी तिकडं जाणारा नाही. मध्यंतरी फोनवर ती आईला म्हणाली, "मला मूल झालंच नाही, तर बाबा कधीच येणार नाहीत का?" मी दारातच उभा होतो. ऐकलं, आणि म्हशींना वैरण घालायला गेलो. वैरण आधीच घातलेली होती.

माझ्या नकाराचा व्याह्यांवर काडीचा परिणाम झाला नाही. त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि उसाची नोंद घ्यावी तशी एकेकाची नोंद घेत फिरायला लागले. काय बघायचं, किती वेळ, कुणी आधी सांगितलं. आमच्या मंडळींनी तिथला भाजीबाजार सांगितला. विहीणबाई म्हणाल्या, "मला कुठंतरी नुसतं बसायचंय." व्याह्यांनी चष्मा वर केला आणि लिहिलं, "बसणे : चाळीस मिनिटे." म्युझियममधल्या त्या जगप्रसिद्ध बाईच्या चित्राला त्यांनी बारा मिनिटं दिली. मी म्हटलं, लोक तासतास बघतात म्हणे. तर म्हणाले, "परक्या बाईकडं त्याच्यापेक्षा जास्त बघणं बरं न्हवं." कांदा-लसणाच्या चटणीचे त्यांनी तीन भाग केले आणि तीन बॅगांत घातले. एक बॅग हरवली तर तेवढीच चटणी जावी, सगळं खानदान अळणी राहू नये, हा हिशोब.

मग चालण्याचा सराव निघाला. रोज सकाळी सहाला रंकाळा तलावावर. मी शपथ घेतली होती ती लेकीच्या घराची, रंकाळ्याची नव्हे, म्हणून मीही जायचो. व्याही पुढं, पाठीवर बॅग, गळ्यात पासपोर्टची पिशवी. जन्मभर पावलांनी शेतं मोजलेला माणूस, इथंही तोंडानं आकडे चालूच. "हा शालिनी पॅलेस म्हंजे टॉवर समजा. संध्यामठ म्हंजे नदीवरचा पूल. आता डावीकडनं चला, तिकडं गाड्या उजव्या बाजूनं चालत्यात." समोरून फिरायला आलेली माणसं उगीच बाजूला व्हायची. एकानं विचारलं, "काका, मोर्चा कसला?" व्याही आकडा चुकू न देता म्हणाले, "पॅरिसचा."

एकदा विहीणबाईंच्या चाळीस मिनिटं बसण्याचा सराव चालला होता, म्हणून आम्हीही कठड्यावर बसलो. मला खोडी काढायची हुक्की आली. म्हटलं, "पावणं, लेक-जावई एकीकडं आणि तुम्ही तिसऱ्याच गावाला निघालाय. लोखंडाचा टॉवर बघून पोट भरतंय व्हय?"

ते एकदम उखडले. रंकाळ्यावरचे बगळे उडाले असतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "टॉवर गेला खड्ड्यात! तुम्ही पोरीच्या घरात पाय ठेवणार न्हाईसा. व्हय का न्हाय?"

"न्हाय ठेवणार."

"मग प्रोग्रॅममधनं घरच काढून टाकलं की! पॅरिसात ना तुमचं घर, ना जावयाचं. हॉटेलची खोली तुमच्या नावावर हाय. पैसं तुमच्या बायकोनं कवाच भरल्यात, तुमच्याच दुधाच्या बिलातनं. चार दिस ते घर तुमचं. पोरगी तुमच्याकडं येणार. माहेरपणाला. आता सांगा, कुठली रीत मोडती?"

मी बायकोकडं बघितलं. ती पाण्याकडं बघत होती. विहीणबाई आपल्या नुसत्या बसल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला नाही.

खरं सांगायचं तर माझ्यामागं सगळं ठरवलं म्हणून मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. मुलाचा बाप ना तो! आमच्याकडं मुलाच्या बापानं मान घ्यायचा असतो. ह्या माणसानं सहा महिने वही घेऊन दारोदार हिंडावं, लोकांचं हसणं सोसावं, कशासाठी, तर माझा शब्द खाली पडू नये म्हणून. असली युक्ती सुचायला मला चौथीपेक्षा जास्त शाळा लागली असती.

मी म्हटलं, "तिथं न्याहारीला काय असतंय?"

"पाव," ते म्हणाले. "पण पाव तुमचा. पोरीला वाढायचा तुम्ही."

मग मी त्यांच्या हातून वही मागून घेतली. पहिला दिवस भरलेला, दुसरा भरलेला, चौथ्यात तर शिंकायलाही जागा नाही. तिसऱ्या दिवशी नुसतीच तारीख, खाली आख्खं पान कोरं. म्हटलं, "पावणं, हितं लिहायचं राहिलं."

तीस वर्षांत ज्यानं एकही शेत तारखेशिवाय सोडलं नाही, तो माणूस दुसरीकडं बघत म्हणाला, "राहिलं न्हाय. त्या दिशी तुम्ही आन पोरगी. त्याला किती येळ लागतोय, ते मला ठावं न्हाय."

अजून आम्ही निघालो नाही. व्हिसाचे कागद गेलेत. गेल्या तीन वर्षांत फोनवर 'जेवलीस का' ह्याच्या पुढं मी लेकीशी बोललेलो नाही, तेव्हा आख्खा दिवस काय बोलायचं, ह्याची मला आतापासूनच काळजी लागली आहे. एक वाक्य तयार झालंय. मूल होवो न होवो, असं ते सुरू होतं. पुढचं अजून जुळवतोय.