त्याने नको म्हटलेला बैल

ही गोष्ट मी आजवर टाळली, कारण तिच्यात दोष माझाच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नसरापूरच्या बाजारात भोरचा एक मुसलमान व्यापारी यायचा. पुण्याच्या लष्करासाठी तो कापायची जनावरं घेई आणि तसं उघड सांगे. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवण्याआधी तो बैलाच्या खांद्यावरून, जिथे जू बसतं तिथून, हळूच हात फिरवी. खांदा धड असला की बैल परत पाठवी.

माझा बैलही तो नको म्हणाला. “पाव्हणं, ह्यो अजून चार वर्सं औत वडंल. म्हाताऱ्या बैलाचा पैका मी देतो, त्यात तुमी नवा घेता. जवानच कापला तर फुडल्या साली सोताला जुपून घेणार का?”

पण शेतकऱ्यापेक्षा लष्कराचा भाव चढा होता. मी हट्ट धरला. “तुमची मर्जी,” म्हणत त्याने अखेर बैल घेतला.

जवान बैल कापायला दिला म्हणून घरी वडील संतापले तेव्हा मी म्हणालो, “हा कापणार नाही, औताला नेतो म्हणाला. फसवलं त्यानं.” वडिलांनी ते गावभर सांगितलं. त्याला म्हातारी जनावरं मुकाट विकणारे सगळेच एकाएकी सज्जन झाले. आमच्या खोऱ्यातून त्याला कुणी जनावर देईना, आणि त्याचा धंदा बसला.

काही वर्षांनी शिवऱ्याला रस्त्याकडेला तो कोंबड्या विकताना दिसला. त्याने मला ओळखलं.

“पाव्हणं, दुसरा बैल घेतला का न्हाई?”

“घेतला,” मी म्हणालो. तुमच्यावर मी खोटा आळ घेतला, हे ओठांपर्यंत आलं होतं. मी दोन कोंबड्या घेतल्या, घासाघीस न करता पैसे दिले आणि निघालो.