शेऱ्याचा रकाना

वाचनालयात तिला सगळे नोंदबाई म्हणत. एक वही भरली की तिच्यातल्या नोंदी नव्या वहीत उतरवायच्या, हे तिचं वीस वर्षांचं काम. नावं उतरवायची, शेरे जुन्या वहीतच राहू द्यायचे, असा तिथला शिरस्ता.

सासूबाईंच्या औषधांची वहीही तिच्याकडेच; तीही भरली की त्याच शिरस्त्यानं नव्या वहीत उतरायची. दिवसाला अकरा गोळ्या. दुकानदार वही बघून गोळ्या द्यायचा, डॉक्टर वही बघून पुढचं लिहायचे. नोंदबाई एक वेळ स्वतःचं जेवण विसरेल, पण गोळी विसरायची नाही. तरी सासूबाई दिवसेंदिवस खचतच चालल्या होत्या. हात कापायचे, तोल जायचा, घरची माणसं ओळखेनाशी झाली होती. आठ महिन्यांपूर्वी सासरे गेले, त्या दिवशीही त्या खुर्चीत पेंगत होत्या.

"आईचं आता वय झालं," नवरा म्हणायचा. मोठं सोयीचं वाक्य! एकदा म्हटलं की पुढे काही करायला नको. त्यानं वृद्धाश्रमाचा अर्जही भरून ठेवला होता. एक तारखेला तिथे जागा होणार होती आणि अर्जावर फक्त डॉक्टरांची सही राहिली होती.

नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सहीआधी वही मागितली. नोंदबाईनं ती जरा तोऱ्यातच पुढे केली.

"ही झोपेची गोळी कधीपासून?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. तीन वर्षं. एकदाही चुकवली नाही."

"आणि किती दिवस घ्यायला सांगितली होती?"

नोंदबाईनं वही पुढून मागे चाळली. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरी येऊन तिनं कपाटातून जुनी वही काढली. गोळीच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, डॉक्टरांच्या हातचं होतं: 'दहा दिवस. मग बंद.' नव्या वहीत तिनं गोळीचं नाव तेवढं उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. झोपेच्या गोळीनं तोल जायला लागला, म्हणून चक्करेची गोळी आली. तिनं हात कापायला लागले, म्हणून कंपाची आली. त्या तिसरीनं डोकं भ्रमलं. रोगापेक्षा इलाज भयंकर!

"पण एकदम काही बंद करू नका. मी सांगेन तसं, एकेक, हळूहळू."

"आणि नाहीच सुधारली तर?" नवऱ्यानं विचारलं.

"तर मी बघेन," नोंदबाई म्हणाली आणि तिनं अर्ज फाडला.

पहिल्या महिन्यात नको नको झालं. सासूबाई चिडायच्या, ताट सरकवायच्या, कधी नुसत्या थरथरत बसायच्या. नोंदबाईला वाटे, आपण दुसऱ्यांदा चुकतोय. चौथ्या महिन्यात अकराच्या चार गोळ्या झाल्या. एका सकाळी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं, न सांडता चहा प्यायला. मग सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हे गेले तेव्हा मी रडले होते का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही आई. तुम्ही चहा मागितला होता."

"असं कसं झालं?"

नोंदबाईनं जुनी वही आणून त्या शेऱ्यावर बोट ठेवलं. सासूबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"हे तुझं अक्षर नाही."

"नाही. माझं पुढच्या वहीत आहे."

सासूबाईंनी वही मिटली. मग सासऱ्यांच्या खुर्चीचा हात धरून त्या रडायला लागल्या. त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा धीर नोंदबाईला झाला नाही.