फटफटीवर रिव्हॉल्व्हर कुठं बांधायचं?

माझ्या साडूंना त्यांच्याच फाटकात गोळी लागली, तेव्हा त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर घरातल्या कपाटात, साड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळून अगदी सुरक्षित होतं.

साडू नांदेडला बांधकामाचा धंदा करायचे. खंडणीचे फोन येत होते, त्यांनी दाद दिली नाही, आणि एका सकाळी दुचाकीवरून आलेल्या दोघांनी काम उरकलं. दिवसकार्य करून आम्ही लातूरला परतलो. महिना झाला नसेल, तोच खंडणीचा आवाज माझ्या फोनवर! माझं रेणापूरला सिमेंट-सळईचं दुकान. साडूंच्या मानाने मी अगदीच किरकोळ माणूस. (खंडणीवाल्यांनी आपल्याला हिशेबात धरलं म्हणून क्षणभर पत वाढल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणी मी दुकानाचं शटर खाली ओढलं.) पोलिसांत तक्रार दिली, परवान्यासाठी खेटे घातले, आणि शेवटी मलाही रिव्हॉल्व्हर मिळालं.

ते घरी आलं त्या दिवशी माझी बायको सुनंदा कपाटासमोर आडवी उभी राहिली.

"हितं ठेवायचं न्हाई," ती म्हणाली. "ताईच्या घरी कपाटातच होतं. तुमच्या अंगावर पायजे. रोज."

"बरं."

"नुसतं बरं न्हाई. शपथ घ्या."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी शपथ घेतली.

आता अडचण अशी, की लातूर ते रेणापूर मी रोज फटफटीवर जातो. कार घ्यायची ऐपत आहे, पण कार दारात दिसली की खंडणीवाल्यांची भूक वाढते, असं आमच्या आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मत. शिवाय हत्यार बाळगायचं ते लोकांना दिसू न देता, हा नियम. तेव्हा फटफटीवर बसलेल्या, पोट सुटलेल्या गृहस्थाने रिव्हॉल्व्हर कुठं बांधावं, हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. तो बरेच दिवस खाली बसलाच नाही.

सुरुवात कमरेपासून केली. नांदेडच्या हत्यारांच्या दुकानातून चामड्याचं होल्स्टर आणलं. उभं राहिलं की मी रुबाबदार दिसायचो. फटफटीवर बसलो की पोट खाली यायचं, रिव्हॉल्व्हर वर यायचं आणि मूठ बरगडीत घुसायची. वर वाऱ्याने सदरा उडायचा, म्हणजे लपवलेलं हत्यार रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा बघणार. मग ते पाठीमागे, माकडहाडाच्या वर सरकवलं. पहिल्याच गतिरोधकावर असा ठोसा बसला की आठवडाभर मी दुकानात उशीवर बसून सिमेंट विकलं. घोट्यालाही बांधून पाहिलं. ब्रेक दाबताना ते बुटात घसरलं, आणि त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही.

राहिली काख. काखेतलं होल्स्टर झकास बसलं! फक्त ते झाकायला वरून जाकीट घालावं लागत होतं, आणि महिना होता मे. रेणापूरच्या टपरीवर चहावाल्याने मला नीट न्याहाळलं.

"शेठ, थंडी वाजून राहिली का?"

"हाव. जरा कणकण हाय."

"मग ते रिव्हॉल्व्हर काढून ठिवा की. घामानं गंजंल."

बाकावरच्या चौघांनी माना डोलावल्या. पाचवा म्हणाला, कमरेलाच बरं होतं.

त्या संध्याकाळी मी हातपाय गाळून बसलो. एवढ्यात आण्णांनी सदरा वर केला आणि आतली बंडी दाखवली. छातीच्या डाव्या अंगाला चोरखिसा, वर झापड, झापडेला हूक, हुकांवर नाडी.

"सोयाबीनचा पैसा घेऊन जलम गेला आमचा मोंढ्यात," आण्णा म्हणाले. "लई खिसेकापू बघितले. हितं कुणाचा हात पोचला न्हाई."

कुणाचा म्हणजे त्यात माझाही आला, हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्या गल्लीतल्या पाशाभाई टेलरांनी दुहेरी मांजरपाटाची बंडी शिवली. घालून पाहताना ते म्हणाले, "शेठ, तुमाला उलटं टांगलं तरी पडनार न्हाई." सुनंदाने खिशावर तळहात ठेवून पाहिला. कित्येक दिवसांनी तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तेवढ्यासाठी मी बंडीच काय, चिलखतसुद्धा घातलं असतं.

आणि मग ती दुपार आली. दुकानाकडे निघालो होतो. उन्हाचा कहर, रस्ता मोकळा. मागून एक दुचाकी हॉर्न वाजवत आली. आरशात पाहिलं तर दोघं, तोंडाला रुमाल बांधलेले. (मे महिन्यात आमच्याकडे सगळेच बांधतात. मीही बांधला होता. पण भ्यालेल्या माणसाला आपला रुमाल दिसत नाही.) मी वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. साडूंचं फाटक डोळ्यांसमोर आलं. ते शेजारी आले. मागचा माझ्या पायाकडे बोट करून काहीतरी ओरडला. वाऱ्यात शब्द कळेना. पहिली गोळी पायात घालणार, एवढं मला बोटावरून समजलं.

डावा हात हँडलवरून काढला आणि छातीकडे नेला. पहिलं बटण सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं मी तोडलं. झापड सापडली, हूक सापडले, नाडी ओढली आणि तिला निरगाठ बसली! मी मान खाली घालून गाठ सोडवतोय, फटफटी आपल्या मनाने चाललीय, आणि डावीकडे वळण आलं. खाली राहिलेला साईड स्टँड रस्त्याला घासला. फटफटी एकीकडे आणि मी बाभळीच्या झुडपात.

ते दोघं धावत आले. मी उताणा, सदरा फाटलेला, हात बंडीत, अजून ओढतोच आहे.

"काका, छातीत दुखून राहिलं का?" एकाने माझ्या हातावर हात ठेवला. मग दचकून दुसऱ्याकडे पाहिलं. "अरे, काकाला मशीन बसवलंय. हाताला लागून राहिलं."

"दाबू नको, बंद पडंल."

पहिल्याने तोंडावरचा रुमाल सोडला. साडूंसारखीच दाढी वाढलेला साधा माणूस. त्याच रुमालाने त्याने माझ्या कपाळावरचं रक्त टिपलं.

"कवाचं ओरडून राहिलो आमी, स्टँड वर घ्या म्हणून," तो म्हणाला.

माझा हात आपोआप ढिला पडला. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, कळ आली.

ते शिरूर अनंतपाळचे सख्खे भाऊ होते, रेणापूरला बहिणीकडे निघालेले. माझ्या फोनवरून त्यांनी सुनंदाला कळवलं, "काकू, घाबरू नका." माझ्या फोनवर परका आवाज येईल, याच धाकात ती कैक महिने जगत होती. तिने एकच विचारलं, "गोळी मागून मारली का म्होरून?" त्या बिचाऱ्याला काहीच कळेना.

दवाखान्यात हृदय ठणठणीत निघालं. बंडी कापताना मात्र नर्स किंचाळली. पोलिस आले, परवाना पाहिला. सुनंदाही तोवर पोचली होती. थोरला भाऊ त्या "मशीन"कडे बघत राहिला.

"काका, हे आमच्यासाठी काढून राहिले होते का?"

मी कापलेल्या बंडीची नाडी बोटाला गुंडाळू लागलो. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. थोरला म्हणाला, "गाठ पक्की होती म्हणायची." मग तिने आणलेला चहा न घेताच दोघं निघून गेले.

घरी आल्यावर तिने माझा फाटलेला सदरा शिवायला घेतला. मग म्हणाली, "उद्या ते ठाण्यात जमा करा."

"आणि ते लोक आले तर?"

"त्या दोघांच्या घरी बी कुणी तरी वाट बघतच आसल की."

रिव्हॉल्व्हर जमा केलं. फोन अजून येतात, तपास चालू आहे असं पोलिस सांगतात. घरी बसून परक्या आवाजाची वाट बघायची नाही, म्हणून आता सुनंदाही रोज दुकानात येते. पहिले काही दिवस तिची स्कूटी मी चालवायचो, ती मागे. मग एकदा आरशात एक दुचाकी दिसली आणि माझ्या लक्षात आलं, की मागून गोळी आली तर आधी तिला लागेल. मी गुडघेदुखीचं सोंग केलं. तेव्हापासून स्कूटी ती चालवते आणि मी मागे बसतो.

रेणापुरात लोक हसतात. "शेठ, बायकोच्या मागं लपून राहिले का?"

"हाव," मी म्हणतो.

मागून हॉर्न वाजला की मी अंग फुगवून तिला आणखी चिकटून बसतो. ती पुढे बघतच पुटपुटते, "अवो, सरका मागं. लोक बघून राहिले. ह्या वयात काय हे."