डुकराच्या तोंडातलं पाणी

राजापूरच्या आतल्या बाजूला माझ्या मामाचं गाव. भात पोसवलं की रानडुकरं एका रात्रीत शेत लोळवून जात, म्हणून गाव पारधीला जाई. ठासणीची बंदूक मामाकडे. डुक्कर पडलं की तो आधी तांब्यातलं पाणी त्याच्या तोंडात घाली आणि हात जोडी. मग वाटे. पारधीला कुणी गेलेलं नसलं तरी प्रत्येक घराचा वाटा निघायचा.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईत माहितीपटांचं संकलन करायचो. शिकारीवर फिल्म ठरली आणि मीच दिग्दर्शकांना मामाच्या गावी नेलं. सकाळी ध्वनिमुद्रणाचं यंत्र गळ्यात घेऊन चालताना मी बांधावरून घसरलो, थेट चिखलात.

"आज पहिलं डुक्कर मुंबईचंच पडलं!" मामा पोट धरून हसला. यंत्र चालूच होतं.

दुपारी डुक्कर पडलं. पाणी, हात जोडणं, वाटे, सगळं आम्ही टिपलं.

मुंबईत संकलनाच्या टेबलावर दिग्दर्शक म्हणाले, "बघणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे." पाणी काढून टाकू या, हे मात्र मी सुचवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. तडफडणाऱ्या जनावराच्या दृश्यावर मी मामाच्या सकाळच्या हसण्याचा आवाज चढवला. फिल्म पाहून लोक रडले. माझी पाठ थोपटली गेली.

मग ती फिल्म टीव्हीवर लागली. ग्रामपंचायतीतल्या टीव्हीसमोर सगळा गाव बसला होता, मीही. फिल्म बघायला आलेली मामीच्या माहेरची माणसं तिला तिथंच म्हणाली, "मरत्या जीवाला हसतो गो तुझा घोव?" मामी उठून गेली.

मामाने मला बाहेर गाठलं. "भाच्या, मी तेव्हा हसलो नव्हतो रे. आणि पाणी कुठं गेलं?"

"रीळ संपलं होतं, मामा."

"हां. मग तू तरी काय करणार?"

त्यानंतर तो पारधीला गेला नाही. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून आला. पुढे दोन वर्षं डुकरांनी त्याचं भात खाल्लं. कुणी फिल्मचा विषय काढला की तोच माझी बाजू घ्यायचा, "रीळ संपलं त्याचं. पोराचा काय दोष?" शेवटपर्यंत हेच सांगत राहिला.

रीळ संपलं नव्हतं. पाण्याचा तो तुकडा मी माझ्या हाताने कापला आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकला. मामाला हे सांगायला मला पुष्कळ वर्षं मिळाली होती.