पाइपाला आलेला घाम

सगळी वस्ती त्यांना आलोचकाका म्हणायची. नळ गळो, टाकी भरून वाहो, फोन केला की या प्लंबरकाकांचं एकच उत्तर, "आलोच." आणि ते खरंच यायचे. भरल्या ताटावरून उठून यायचे, हा त्यांचा मोठेपणा. घरच्या नळाबाबत मात्र त्यांचा शब्द वेगळा होता. तिथे ते म्हणायचे, "बघतो."

काकूंनी स्वयंपाकघरातल्या सिंकखाली पहिला थेंब पाहिला त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हा काकांनी खुर्चीतूनच निदान केलं होतं. "अगं, गळत नाही ते. गार पाण्याच्या पाइपाला घाम येतो." चाळीस वर्षं पाइपांत घालवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर काकू काय बोलणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण असं म्हणावं, तर इथला पाषाण तेवढाही कोरडा नव्हता.

एका मंगळवारी सकाळी सिंकखालच्या कपाटाचा तळ डब्यांसकट खाली बसला. शेजारच्या उंच कपाटाची फळी बोटाने दाबली तर भिजक्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. ही कपाटं काकूंनी सात वर्षं शिकवण्या घेऊन, कप्पा न् कप्पा स्वतः आखून करून घेतली होती. त्या जमिनीवर बसून एकेक डबा पुसत होत्या, आणि काकांना त्यांच्याकडे बघवेना.

"अगं, घराचा विमा आहे ना," ते म्हणाले. "तुझ्या भावानेच काढून दिलाय. सगळं येतं म्हणाला होता त्यात."

सगळं म्हणजे काय काय, हे दोघांपैकी कुणीच वाचलं नव्हतं. ते विमा कंपनीच्या तपासनीस बाईंनी तिसऱ्या दिवशी घरी येऊन सांगितलं. बाई चांगल्या होत्या. कपाटात टॉर्च मारून आधी त्यांनी मनापासून चुकचुक केली.

"पाइप अचानक फुटला किंवा सांधा एकदम निसटला, तर पाण्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते," त्या म्हणाल्या. "पण हळूहळू झिरपून लाकूड कुजलं, तर नाही मिळत. झीज, गंज, वाळवी, घराकडे झालेलं दुर्लक्ष, यातलं काहीच विम्यात धरत नाहीत. ते ज्याचं घर त्याने बघायचं. बरं, हे सुरू कधी झालं?"

काकूंना खोटं बोलायची सवय नव्हती, पण कपाटांसाठी त्यांनी धीर केला. "परवा सकाळी. तो सांधा एकदम सुटला."

बाईंनी तसं लिहायला घेतलं. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि नेमकं तेच काम त्यांना जमत नसे. काकूंनी बोट दाखवलेला सांधा त्यांनी स्वतः बसवला होता. अख्ख्या वस्तीत त्यांचा सांधा कधी सुटला नव्हता, आणि आता तो सरळ कागदावर सुटत होता.

"सुटला?" काका म्हणाले. "बाई, ओढून बघा. दोन्ही हातांनी ओढा. माझा सांधा सुटत नसतो."

"मग पाणी आलं कुठून?"

"त्या खालच्या कॉकचा वायसर गेलाय. रबर आहे, झिजणारच. थेंब थेंब गळतंय, चांगली दोन वर्षं."

तोंडातून निघून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. याला कुणी खरेपणा म्हणेल. पण काकांना ओळखणाऱ्यांना विचाराल, तर त्यात खरेपणा चिमूटभर आणि बाकी सगळा पीळ. बाईंनी परवाचा दिवस खोडला आणि त्या जागी दोन वर्षं लिहिलं.

"मग यातून काही मिळणार नाही हो," निघताना त्या काकूंना हळूच म्हणाल्या.

दार लागलं. काका मान खाली घालून उभे राहिले. आता तोफ सुटणार, आणि ती सुटावीच, असं त्यांना मनापासून वाटत होतं. काकूंचा आवाज मात्र अगदी साधा होता.

"म्हणजे गळतंय ते तुम्हाला माहीत होतं. मला वाटलं, मलाच नीट दिसत नाही. डोळे तपासून आले मी. रोज सकाळी उठून त्या पाइपाचा घाम पुसत होते."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते कामाची पिशवी घेऊन सिंकखाली आडवे झाले. काकूंनी टॉर्च धरला. जुना वायसर निघाला, नवा बसला. नळ सोडून पाहिला, पाइप कोरडाच राहिला. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं लागली होती.

त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर काकांना फार बरं वाटलं असतं.